ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल: टँक केवढा घ्यायचा आणि सोबत कोणाला सोडायचं

ऑस्कर मासा दुकानात बघता तेव्हा दोन-अडीच इंचाचा असतो. काळा-केशरी, डोळे टपोरे, काचेला बोट लावलं की बोटामागे पळत येतो. इथेच माणूस गळाला लागतो. मीपण लागलो. डोंबिवलीला आमच्याकडे तीन फुटी टँक होता, ३ बाय १ बाय सव्वा, म्हणजे काठोकाठ भरला तरी १०६ लिटर, आणि त्यात मी एका रविवारी दोन ऑस्कर, एक जॅक डेम्प्सी आणि काच साफ करायला एक सकर असे चार जीव आणून सोडले. दुकानदार म्हणाला आरामात राहतील. राहिले की, चार महिने राहिले. पाचव्या महिन्यात मोठा ऑस्कर सात इंचाचा झाला आणि छोटा हीटरच्या मागे तोंड खाली करून उभा राहायला लागला, अंगावरचं केशरी जाऊन राखाडी पडलेला, शेपटीच्या कडा कुरतडलेल्या. मला वाटलं आजारी आहे, मी मीठ टाकलं, निळं औषध टाकलं, दोन दिवस लाइट बंद ठेवली. त्याला औषध नकोच होतं, त्याला तिथून बाहेर काढायला पाहिजे होतं. सकाळी आईने हाक मारली, अरे तो तुझा आडवा पडलाय बघ, आणि बघतो तर मोठा ऑस्कर आणि डेम्प्सी अजून त्याला आळीपाळीने ढुशा मारतच होते.

चूक कुठे झाली तर क्रमात. मी आधी मासे पसंत केले, मग ते घरात होता त्या टँकमध्ये कोंबले. करायचं बरोबर उलटं असतं: हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते आधी बघायचं, त्यावरून टँक ठरवायचा, तो टँक आपल्या घराला झेपतो का ते बघायचं आणि सोबत कोण हा प्रश्न एकदम शेवटी. आणि त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा "कोणी नाही" असं असतं, ते मान्य करायची तयारी ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण ही हमखास ऐकायला मिळते, "मासा टँकच्या मापानेच वाढतो". नाही हो. लहान टँकमध्ये पाणी सतत घाण राहतं, मासा ताणाखाली राहतो आणि त्याची वाढ खुंटते, पाठ वाकडी होते, डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसायला लागतात आणि दहा-बारा वर्षं जगणारा प्राणी दोन-तीन वर्षांत जातो. त्याला मापात वाढणं म्हणत नाहीत, ते उपासमारीत वाढलेल्या पोरासारखं आहे.

आता मापं. ऑस्कर १२ इंचापर्यंत जातो, पहिल्या काही महिन्यांत महिन्याला जवळजवळ एक इंच वाढतो आणि वर्षभरात ८-१० इंचाचा होऊन बसतो. मुलगी बालवाडीत असताना आणलेला ऑस्कर ती दहावीला बसेपर्यंत घरात असू शकतो, एवढं लक्षात ठेवूनच पैसे द्या. फ्लॉवरहॉर्न १० ते १२ इंच, हा नदीत-तळ्यात कुठेच नसतो, १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतले सिक्लिड (ऑस्करपासूनचे इथले हे सगळे मासे याच कुळातले) एकमेकांत मिसळून माणसाने तयार केलेला आहे. डोक्यावरच्या गोळ्यामुळे लोक लकी म्हणून घेतात, वास्तूवाले तर खासच. रेड डेव्हिल आणि त्याचा भाऊबंद मायडास, दोघे निकाराग्वाच्या मोठ्या तळ्यांतले, १२ इंच किंवा जास्त आणि स्वभावाने नावाला जागणारे. जॅक डेम्प्सी ८-१० इंच, याला नाव अमेरिकन बॉक्सरचं दिलंय, तो १९१९ ते १९२६ जगातला हेवीवेट चॅम्पियन होता, आणि माशाचा चेहरा बघितला की का दिलं ते कळतं. ग्रीन टेररचा नर ८-१० इंच, टेक्सास १०-१२. जाग्वार १४-१५ इंच आणि तोंड उघडलं की आत वाटी जाईल. डोवी ज्याला वुल्फ सिक्लिड म्हणतात तो मोकळ्या नदी-तळ्यात दोन फुटांच्या वर जातो, त्याच्याबद्दल फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बोलूच नये, आठ फुटी टँकही त्याला जेमतेम. आणि कॉन्व्हिक्ट, चार-पाच इंचाचा, काळे-पांढरे पट्टे. याला कोणी हिशोबातच धरत नाही. याच्यावर पुढे येतो.

टँकची लांबी सगळे बघतात, उंचीही बघतात कारण उंच टँक हॉलमध्ये भारी दिसतो. रुंदी कोणी बघत नाही. आणि या माशांसाठी खरा घोळ रुंदीचाच आहे. बारा इंची मासा बारा इंच रुंदीच्या टँकमध्ये वळणार कसा? त्याला अंग वाकवून, शेपूट काचेला घासत वळावं लागतं, दिवसातून पाचशे वेळा. माझा सोपा ठोकताळा असा, टँकची रुंदी माशाच्या पूर्ण लांबीच्या किमान दीडपट आणि लांबी किमान चौपट. म्हणजे बारा इंची ऑस्करला १८ इंच रुंदी आणि ४८ इंच लांबी, याच्या खाली जायचं नाही. रुंदी २४ मिळाली तर सोनं. उंची १८ पुरे, दोन फुटांच्या वर गेलात तर काच जाड घ्यावी लागते, पैसे वाढतात, तळाशी हात पोचत नाही आणि माशाला त्याचा फायदा शून्य कारण भांडणं तळावरच्या जागेवरून होतात, वरच्या पाण्यावरून नाही.

लिटर काढायला सोपं आहे, फुटातली तिन्ही मापं गुणायची आणि २८ ने गुणायचं. ४ बाय १.५ बाय १.५ म्हणजे नऊ घनफूट, अडीचशे लिटर. ४ बाय २ बाय २ म्हणजे साडेचारशे. ६ बाय २ बाय २ म्हणजे ६८० लिटर. प्रत्यक्षात खडी, दगड आणि वर सोडलेली जागा जाऊन दहा-पंधरा टक्के कमीच पाणी बसतं. काच म्हणाल तर दीड फूट उंचीच्या चार फुटीला ८ एमएम चालते, ४ बाय २ बाय २ ला १०, सहा फुटीला १२, आणि वरून काचेच्या पट्ट्या मारून घ्याच, मधली आडवी पट्टी पण. खाली थर्माकोलची शीट विसरू नका. स्टँडचा एक पाय दोन एमएम जरी आखूड असला तरी सगळा ताण काचेच्या एका कोपऱ्यावर येतो, स्पिरिट लेव्हल लावून बघा.

आता घराला झेपतंय का. आपल्याकडच्या फ्लॅटवाल्यांसाठी दोन गोष्टी आहेत, वजन आणि पाणी.

वजन आधी. एक लिटर पाणी एक किलो. सहा फुटी टँकमध्ये पाणीच सहाशेच्या आसपास, काचेचे सव्वाशे किलो, लोखंडी स्टँड, दगड, सगळं धरून साडेआठशे-नऊशे किलो होतं, आणि ते बारा चौरस फुटांवर उभं राहतं. घराचा स्लॅब डिझाइन करताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वावराचं वजन धरतात, तुमचा टँक तिथे त्याच्या जवळजवळ चौपट टाकतोय. लगेच घाबरू नका, वजन सगळ्या स्लॅबवर वाटलं जातं, पण टँक खोलीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीलगत आणि खाली बीम असेल तिथे ठेवा, बाल्कनीत तर कधीच नाही, आणि जुनी बिल्डिंग असेल किंवा सहा फुटाचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. ४ बाय १.५ बाय १.५ चा टँक सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या आत बसतो, भरलेल्या पुस्तकांच्या कपाटासारखं समजा.

आणि पाणी. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मोठे सिक्लिड खातात खूप, हगतात खूप, स्पष्टच सांगतो, आणि दर आठवड्याला ३०-४० टक्के पाणी बदलावंच लागतं. अडीचशे लिटरचे चाळीस टक्के म्हणजे शंभर लिटर, वीस लिटरच्या पाच बादल्या. ठीक आहे, रविवारी सकाळी होतं. सहा फुटीला २७० लिटर, म्हणजे तेरा-चौदा बादल्या. तुमच्या सोसायटीत पाणी सकाळी पाऊण तास येत असेल, घरात एकच टाकी असेल आणि त्याच वेळी मशीन लावायची असेल, तर तुम्ही घरात काय तोंड दाखवणार? आमच्याकडे यावरून जेवढं ऐकून घ्यावं लागलं तेवढं ऑस्करने दुसऱ्या ऑस्करलाही ऐकवलं नसेल. शेवटी मी २०० लिटरचा निळा ड्रम आणला, त्यात आदल्या रात्री पाणी भरून अँटी क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकून ठेवतो आणि छोट्या मोटरने पाइपातून टँकमध्ये सोडतो, बादल्या उचलणं बंद झालं. तर टँकचा साइज ठरवायच्या आधी घरात पाणी किती येतं ते बघा, ही अट दुकानदाराच्या अटीपेक्षा मोठी आहे. मे महिन्यात पाणीकपात लागते तेव्हाही माशाचं हगणं चालूच असतं.

फिल्टरवर जास्त लिहीत नाही. कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) किंवा सम्प (टँकखाली ठेवलेली फिल्टरची वेगळी टाकी), आणि ताशी सहा ते आठ वेळा सगळं पाणी फिरेल एवढी मोटर. कोपऱ्यात लावायचा छोटा स्पंजवाला फिल्टर एकटा या माशांना पुरत नाही, सोबतीला ठीक. नवीन टँक भरून त्याच दिवशी मासा सोडू नका, फिल्टरमध्ये बॅक्टेरिया तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत अमोनिया आणि नायट्राइटच माशाला मारतात. मित्राच्या चालू टँकमधला घाणेरडा स्पंज मागून आणला तर काम बरंच लवकर होतं, भारी गिफ्ट आहे ते. पाणी तपासायची टेस्ट किट घ्या, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली ठेवा. पाणी सतत घाण राहिलं की ऑस्करच्या डोक्याला बारीक भोकं पडायला लागतात, आणि एकदा खोल पडली की खुणा जात नाहीत.

हीटर काचेचा असेल तर त्याला प्लास्टिकची जाळी घालाच. पाण्याचं तापमान २५ ते २८ पाहिजे, मुंबई-ठाण्यात हीटर वर्षातले थोडेच दिवस लागतो, पण नाशिक-पुण्यात डिसेंबर-जानेवारीत लागतोच, आणि नेमका त्याच दिवसांत ऑस्कर त्याला ढुशी मारून फोडतो. आमचा फुटला तेव्हा घरातली लाइट ट्रिप झाली म्हणून वाचलो. आणि झाकण वजनदार पाहिजे, हे मासे उडी मारतात.

आता सोबत्यांचं.

आधी फ्लॉवरहॉर्न आणि रेड डेव्हिल निकालात काढतो. ४ बाय १.५ बाय १.५ मध्ये एक. एकटा. सोबत काही नाही. लोक विचारतात एकटा कंटाळणार नाही का, नाही कंटाळत, तो तुम्हाला ओळखतो, तुम्ही सोफ्यावरून उठलात की काचेपाशी येतो, दाणे घेऊन आलात की झाडूवाले हात घेऊन आलात ते त्याला कळतं. त्याला दुसरा मासा सोबती वाटत नाही, घुसखोर वाटतो. माझ्या ओळखीत एकाने फ्लॉवरहॉर्नसोबत फ्लॉवरहॉर्नची मादी सोडली, जोडी लागेल म्हणून, सकाळपर्यंत मादीच्या अंगावर खवले राहिले नव्हते. जोडी लावायचीच असेल तर मध्ये जाळीचं पार्टिशन टाकून आठवडे-महिने एकमेकांना बघू द्यावं लागतं, आणि तरी भरवसा नाही.

ऑस्कर तसा नाही. ऑस्कर या सगळ्यांत सौम्य म्हणावा असा आहे, फक्त त्याचा एक नियम आहे, तोंडात मावतं ते खाणं. त्यामुळे त्याचा सोबती निवडताना बघायचं की तो ऑस्करच्या तोंडात जाणार नाही एवढा मोठा आहे, ऑस्करला खिजवणार नाही एवढा शांत आहे आणि ऑस्करने ढकललं तर मरणार नाही एवढा दणकट आहे. तिन्ही एकत्र असणारे मासे थोडेच असतात. सिल्व्हर डॉलर पाच-सहांच्या घोळक्यात उत्तम, अंग ताटासारखं उभं असल्यामुळे तोंडात अडकतात, गिळता येत नाहीत, आणि मोकळेपणी पोहत राहिल्यामुळे ऑस्करलाही वाटतं की आजूबाजूला धोका नाही, तोही बाहेर येतो. पण त्यांना सहा फूट पाहिजे. सेव्हरम चालतो, तो ऑस्करचाच दक्षिण अमेरिकेतला शेजारी, आठ इंचाचा, पाणी-तापमान सगळं जुळतं. टिनफॉइल बार्ब चालतो पण तोही फूटभर होतो आणि घोळक्यात लागतो, म्हणजे परत सहा फूट. बिचिर तळाला पडून राहतो, ऑस्करसोबत जमतो, रेड डेव्हिलसोबत त्याचे डोळे राहणार नाहीत.

सकरचं सांगतो कारण तो प्रत्येकजण घेतोच. काच साफ करतो हे लहानपणापुरतं खरं आहे. मोठा सकर दीड फुटाचा होतो, स्वतःच एवढी घाण करतो की काचेवर जेवढं खातो त्याच्या कितीतरी पट तळाला टाकतो. आणि पोट भरलं नाही तर रात्री झोपलेल्या ऑस्करच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. सकाळी माशाच्या बाजूवर गोल पांढरे चट्टे दिसले तर औषध शोधू नका, सकरकडे बघा. तीन इंचाचा सकर मोठ्या ऑस्करसोबत तर मुळीच सोडू नका, ऑस्कर गिळायला जातो, सकर काटे उघडतो आणि घशात अडकून दोघेही जातात.

काय घेऊ नये याची यादी मोठी आहे, पण दोन खास. दुकानात "शार्क" म्हणून चकचकीत निळसर मासा मिळतो आणि "पिरान्हा" म्हणून लाल पोटाचा. शार्क म्हणजे पंगास, हॉटेलात बासा फिले म्हणून जो खाता तोच, तीन-चार फुटांचा होतो आणि घाबरला की काचेवर तोंड आपटून घेतो. पिरान्हा म्हणून दिलेला बहुतेक वेळा पाकू असतो, म्हणजे मच्छी बाजारातला रूपचंद. दोघांना तळं लागतं. तीच गोष्ट सिल्व्हर आरोवानाची, तो तीन फूट होतो, सहा फुटीतही त्याला वळता येत नाही.

आफ्रिकन सिक्लिड, ते पिवळे-निळे मलावी तळ्यातले, त्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे. त्यांना कडक, जास्त पीएचचं पाणी लागतं, आणि त्यांना मुद्दाम दाटीवाटीने ठेवतात म्हणजे मार एकावरच पडत नाही, सगळ्यांत वाटला जातो. ही युक्ती लोक इथून उचलतात आणि ऑस्कर-डेम्प्सी-रेड डेव्हिलला लावतात. छोट्या माशांत चालते, फूटभर माशांत नाही, कारण तेवढ्या संख्येला पुरेल एवढं पाणी घरात मावतच नाही.

आता कॉन्व्हिक्ट. तीन फुटीतला तो प्रकार झाल्यावर मी ४ बाय २ बाय २ केला आणि वाचलेला ऑस्कर त्यात टाकला, तोपर्यंत दहा इंचाचा झाला होता. डेम्प्सी एका मित्राला दिला. मग वाटलं एवढ्या मोठ्या टँकमध्ये हा एकटाच, कॉन्व्हिक्टची जोडी सोडू, चार इंची मासे, ऑस्कर त्यांना खाणारही नाही आणि ते त्याला काय करणार. संक्रांतीचं एक सुगड उरलं होतं ते आडवं करून कोपऱ्यात ठेवलं, लपायला. तीन आठवड्यांत मादीच्या पोटावर केशरी चढलं, या माशात रंग मादीवर येतो, आणि दोघं सुगडाच्या तोंडाशी खडी उपसायला लागले. तोंडात भरायची, वीतभर लांब जाऊन थुंकायची, परत यायचं. दुसऱ्या दिवशी सुगडाच्या आत अंडी. आणि त्या दिवसापासून दहा इंची ऑस्कर टँकच्या उरलेल्या एक फुटात. तो जरा मधली रेषा ओलांडायला लागला की नर समोरून कल्ले फुगवून यायचा, मादी मागून शेपटीला. चार फुटांतले तीन फूट त्या चार इंचवाल्यांचे. ऑस्करने दोन दिवस जेवण सोडलं. शेवटी सुगड अंड्यांसकट उचलून वेगळ्या टबात ठेवलं, जोडीही त्यातच, तेव्हा तो बाहेर आला.

तर माशाचा राग त्याच्या इंचांवर ठरत नाही, जोडी लागली की चढतो. कुठल्याही सिक्लिडची जोडी लागली आणि अंडी घातली की टँकचा अर्धा-पाऊण भाग त्यांचा, बाकीच्यांनी कुठे जायचं ते तुम्ही आधीच ठरवायचं. म्हणून ठरवून सांगायचं तर, ४ बाय १.५ बाय १.५ मध्ये वरच्या यादीतला कुठलाही एक मासा, फक्त जाग्वार आणि डोवी सोडून. ४ बाय २ बाय २ मध्येही एकच, फार तर ऑस्करसोबत एक मोठा सकर किंवा बिचिर. ५ बाय २ मध्ये दोन ऑस्कर, लहानपणापासून एकत्र वाढलेले. ६ बाय २ बाय २ मध्ये दोन ऑस्कर, एक सेव्हरम, सहा सिल्व्हर डॉलर, बस. किंवा मध्य अमेरिका-मेक्सिकोकडच्या माशांचा टँक करायचा तर एक डेम्प्सी, एक टेक्सास, दोन-तीन फायरमाउथ (लाल गळ्याचे छोटे सिक्लिड), पण सगळे लहान असताना एकत्र टाकायचे आणि एखाद्याला काढायची तयारी ठेवायची. जाग्वार सहा फुटीत एकटा. ऑस्करचा नर-मादी बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे दुकानदार जोडी म्हणून देत असेल तर हसून दोन मासे म्हणून घ्या.

सोडायची पद्धत. नवीन मासा आधी वेगळ्या टबात तीन-चार आठवडे, त्यात पांढरे ठिपके, सुतासारखी पांढरी विष्ठा असलं काही निघतं का बघायचं. मग ज्याचा स्वभाव सगळ्यात गरम तो सगळ्यात शेवटी टँकमध्ये. आधीपासून कोणी राहत असेल तर ज्या दिवशी नवा सोडाल त्या दिवशी दगड, लाकूड, कुंड्या सगळं उचलून नव्याने मांडा, म्हणजे जुन्याची जहागीर मोडते आणि दोघंही नव्या घरात आलेले होतात. हे खरंच चालतं. दोन्ही टोकांना खायला टाका, जुना एका टोकाला गुंतलेला असताना नवा सोडा, लाइट बंद करा, आणि शनिवारी करा म्हणजे रविवारी घरी राहून बघता येईल. सोमवारी सोडून ऑफिसला गेलात तर संध्याकाळी काय दिसेल सांगता येत नाही.

बघायचं काय? पहिले दोन-तीन दिवस ढकलाढकली होणारच. कल्ले फुगवणं, अंग थरथरवत बाजूला बाजू लावून उभं राहणं, अगदी तोंडात तोंड पकडून ओढाओढी, हे दोघं बरोबरीचे असतील तर मोजमाप चालू असतं, मिनिटभरात सुटतात आणि एकजण पंख मिटून बाजूला होतो. घाबरायचं नाही. घाबरायचं तेव्हा, जेव्हा हरलेला बाजूला झाला तरी दुसरा त्याच्या मागे जातच राहतो. हरलेला वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या कडेला तिरका उभा, रंग उडालेला, दाणे समोर पडले तरी येत नाही, पंखांच्या कडा फाटलेल्या. असं दिसलं तर उद्या बघू म्हणू नका, त्याच रात्री काढा. यासाठी टँकच्या मापाने कापलेलं पार्टिशन आधीपासून घरात पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या लाइटखाली जी पांढरी चौकोनी जाळी लावतात ती इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते, पक्कडीने कापता येते, पाणी आरपार जातं, मजबूत आहे, दोन सक्शन कप आणि दोन दगडांनी उभी राहते. अॅक्रिलिक शीटला भोकं पाडूनही होतं.

खायला फीडर गोल्डफिश (मोठ्या माशांना खाऊ म्हणून विकतात ते जिवंत छोटे गोल्डफिश) देऊ नका, रोग तर येतातच, शिवाय त्यात बी-वन जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं, रोज दिलं तर मासा अशक्त होतो. चिकन-मटण पण नको, ती चरबी त्यांना पचत नाही. चांगले दाणे, आठवड्यातून एक-दोनदा सोललेली कोळंबी, धुतलेली गांडुळं. पोट थोडं रिकामं राहिलेला मासा सुस्तावत नाही आणि पाणीही कमी खराब होतं, भूक आहे म्हणून मारामारी वाढते हे मला तरी दिसलं नाही.

आणि नाहीच जमलं तर? मासा दुकानात परत घेतात, कमी भावात का होईना, कुर्ल्याच्या मार्केटमध्ये विचारून बघा, किंवा मोठा टँक असलेल्या कोणालातरी द्या, फुकट द्या. तलावात, नदीत, धरणात सोडू नका. भिगवण-उजनीच्या ढाब्यावर जी चिलापी खाता ती पण सिक्लिडच आहे, आफ्रिकेतून आणलेली, आणि आता तिने देशी माशांची जागा कुठे कुठे घेतलीय ते तिथल्या कोळ्यांना विचारा. गोव्यात काळुंदर म्हणतात तो मात्र आपला, भारतात मुळचे सिक्लिड मोजून तीन, त्यातला हा एक. चवीला तर काय बोलायचं, पण तो काही या टँकमध्ये ठेवायचा मासा नाही, त्याला निमखारं पाणी मानवतं.

माझा ऑस्कर आता आठ वर्षांचा आहे, ४ बाय २ बाय २ मध्ये एकटा. सुगड अजून आहे, तो त्याच्यात मावत नाही, पण रोज सकाळी तोंडाने ढकलून डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात नेतो आणि मी रविवारी पाणी बदलताना परत डावीकडे ठेवतो.